बऱ्हाटे सरांचा माफीनामा

अन्याय मोजता येत नाही, हे मानवजातीचं सर्वांत जुनं दुःख होतं. विज्ञानाने ते अखेर दूर केलं आणि अन्याय दोन दशांश स्थळांपर्यंत मोजून दाखवला. पहिल्या महिन्यात साडेचार लाख अर्ज आले. त्यांतले तीन लाख नव्वद हजार लग्नाविषयी होते. ते 'कार्यकक्षेबाहेर' असा शेरा मारून परत गेले. उरलेले साठ हजार शाळेविषयी होते. त्यांत मृण्मयी नेवेचा अर्ज सगळ्यात व्यवस्थित भरलेला होता, कारण तक्रार हा तिचा रोजचा धंदा होता.

पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या नाशिकच्या तक्रार केंद्राची ती प्रमुख होती. रोज सहाशे माणसं तिच्या केंद्रावर आग ओकत. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिला एक गोष्ट पक्की समजली होती: तक्रारीत रागाला किंमत नसते, तारखेला असते. तिच्या स्वतःच्या तक्रारीची तारीख पंचवीस वर्षांपूर्वीची होती. अकरा जून, दुपारी चार, चोपड्याच्या टिपणीस विद्यालयाचा हॉल.

त्या दिवशी दहावी 'ब'चे अकरावीचे ऑनलाईन फॉर्म भरायचे होते. शाळेत चालू स्थितीतला संगणक एक, आणि तो चालवू शकणारे बऱ्हाटे सरही एकच. सर विज्ञान शिकवत. त्यांनी सगळ्या पालकांना मोबाईल घेऊन बोलावलं होतं. बेचाळीस बाप पाचवीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते, आणि नंबर येईल तसा एकेक जण उभा राहून फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवत होता. कॉलेज कोणतं, शाखा कोणती, हे विचारायची पद्धत नव्हती. "सर, तुम्ही भराल ते," असं म्हणायचं आणि आकडे सांगायचे.

लग्नाआधीची मृण्मयी बडगुजर, हजेरी क्रमांक तेवीस, त्र्याण्णव टक्के. तिने आदल्या दिवशी सरांना गाठून सांगितलं होतं, सर, मला सायन्स. सर म्हणाले होते, बघू. आठ दिवसांनी यादी लागली तेव्हा तिला वाणिज्य शाखा मिळाली होती, तीही पहिल्या पसंतीची. पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागे. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. तिचे वडील यादीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सरांनी विचार करूनच भरलं असेल."

वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली होती. ते वाक्य मात्र अजून तिच्या घशात होतं.

अन्याय मोजणाऱ्या यंत्रामागची कल्पना तशी साधी होती. राज्यातल्या तीन कोटी लोकांच्या उत्तरपत्रिका, हजेऱ्या, वाचनालयाच्या नोंदी, पुढे कॉलेज, नोकरी, बदल्या, राजीनामे, सगळं एकेका क्रमांकाखाली वर्षानुवर्षं साठत आलं होतं. त्याच्याही आधीची निकालपत्रकं रद्दीच्या खोल्यांतून काढून स्कॅन झाली होती. आता एखादी मृण्मयी घ्या. दहावीपर्यंत जी माणसं हुबेहूब तिच्यासारखी होती, तेवढेच मार्क, घरची तेवढीच ऐपत, बीजगणितात नेमक्या त्याच पायरीला चुकणारी, ती शोधून काढा. तीन कोटींत दोनेक हजार सापडतात. त्यांना समवाटी म्हणायचं. पुढे एका फाट्यावर यांतली काही उजवीकडे गेली, काही डावीकडे. जी हौसेने किंवा हुशारीने वळली ती सोडून द्या. फक्त अपघाताने वळलेली घ्या: कुणाच्या वेळी साईट बंद पडली, कुणाचा बाप गावाला गेला होता, कुणाचा क्लार्क जेवायला. माणसं आधी सारखीच होती आणि वळण निव्वळ योगायोगाचं होतं, तेव्हा नंतर आयुष्यात जो फरक पडला तो त्या वळणानेच पाडला. या फरकाला शंभरपैकी मार्क द्यायचे. त्याचं नाव भ्रंशांक.

भ्रंशांक साठच्या वर गेला की कायदा लागू होई. नुकसानभरपाई वगैरे काही नाही. ज्याने चुकीच्या वाटेला लावलं त्याने, जिथे लावलं त्याच शाळेच्या परिपाठात, प्रतिज्ञा झाल्यावर, मुलांसमोर उभं राहून दीड पानी माफीनामा वाचायचा. मृण्मयीला तेवढंच हवं होतं. सरांच्या तोंडून, मोठ्याने, हॉलमध्ये.

"एकाहत्तर पॉइंट शून्य चार," तिने जेवताना वाचून दाखवलं.

"कशात?" तिची मुलगी रेवा म्हणाली. रेवाने नुकतीच दहावी दिली होती आणि तिला मार्क म्हटलं की कान टवकारायची सवय होती.

"माझं वाटोळं झालं त्यात."

"फर्स्ट क्लास," हर्षद म्हणाला. मृण्मयीचा नवरा सायन्सला गेला होता आणि सध्या मोबाईल टॉवरसाठी गच्च्या शोधत फिरत असे. "माझं काढू नकोस हं. मला कुणी फसवलंच नाही, मी आपणहून गेलो. माझी माफी कोण मागणार?"

"माझ्या समवाटी बायका बघ. रंग बनवतायत, औषधं तपासतायत. एक तर अत्तराच्या कारखान्यात नुसत्या वासाचं काम करते."

"आणि सुखात आहेत?"

"यंत्र सुख मोजत नाही. वाट मोजतं."

"आई, ते सर आता म्हातारे असतील ना गं?" रेवाने विचारलं.

"पासष्ट. आहेत तोवरच उरकायला हवं."

कायद्यात एक अट होती. नोटीस पोस्टाने चालत नसे. तक्रारदाराने ती स्वतः नेऊन द्यायची. आपल्याला ज्याचा सूड घ्यायचाय त्याचं घर एकदा बघितलं की निम्मे लोक तक्रार मागे घेतात, असा सरकारचा अनुभव होता. मृण्मयीने दोन दिवसांची रजा टाकली आणि चोपड्याची बस पकडली. वाटेत तिने सरांना काय बोलायचं याची तीन पानं पाठ केली.

सर ओट्यावर मिक्सर उघडून बसले होते. केस पूर्ण पांढरे, हात तसेच, खडू धरल्यासारखे. त्यांनी नोटीस घेतली, चष्मा वर करून नाव वाचलं आणि शेजारच्या जाडजूड फाईलमध्ये ती पंच करून लावली.

"अडतिसावी तू," ते म्हणाले. "कोणती बॅच बेटा?"

मृण्मयीने सांगितलं. पाठ केलेल्या तीन पानांतलं पहिलं वाक्य तिथेच विरलं.

"चेहरा आठवतोय," सर म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणत असणार. मग आत वळून म्हणाले, "अगं, अजून एक आली. पोहे टाक."

"मला पोहे नकोत सर."

"आधीचे सदतीस जण खाऊन गेले. राग पोह्यांवर कशाला?" त्यांनी मिक्सरचं पातं फुंकून साफ केलं. "हे बघ, तू लांबून आलीस, तुला फसवत नाही. मी माफी मागणार नाहीये. मला मागताच येणार नाही. कलम अकरा वाचलंस का?"

मृण्मयीने कायदा वाचला होता, पण तक्रारदाराच्या बाजूने वाचला होता. कलम अकरा प्रतिवादीच्या बाजूचं होतं. ज्याने वाट चुकवली, त्याची स्वतःचीच वाट आधी कुणी चुकवली असेल, तर दोष एक पायरी वर सरके.

"मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं," सर म्हणाले. "भुसावळचा मी. लहानपणापासून सगळ्या गाड्या तोंडपाठ. आमच्या नेहेते सरांनी वडलांना सांगितलं, पोरगा मास्तर होईल. झालं. माझा अर्ज गेलाय. म्हणजे तुमची सगळ्यांची माफी नेहेते सर मागतील."

"ते आहेत?"

"एक्याण्णव वर्षांचे. कानाने अजिबात ऐकू येत नाही. त्यांना परिपाठातून सूट आहे, नुसती सही चालते. आजवर एकशे चार माफीनाम्यांवर सह्या केल्यात त्यांनी. मुलगा कागद पुढे करतो, ते सही करतात. त्यांना वाटतं पेन्शनचा हयातीचा दाखला आहे."

काकूंनी पोहे आणले. ते चांगले होते, याचाही मृण्मयीला राग आला.

"सर, तुमचा भ्रंशांक किती आला?"

"एकसष्ट पॉइंट चार," सर जरा अवघडून म्हणाले. "काठावर पास. वीस तारखेला सुनावणी आहे."

परतीच्या बसमध्ये तिने कायदा पुन्हा वाचला, या वेळी दोन्ही बाजूंनी. पंचावन्न ते पासष्ट हा धूसर पट्टा होता. एवढ्या जवळच्या आकड्यांत यंत्राला स्वतःलाच नीट दिसत नसे, आणि मग माणसांची साक्ष घ्यावी लागे. प्रश्न एकच विचारला जाई: हा माणूस त्याच्या कामात चुकून पडला, की हे काम त्याचंच होतं? सर चुकून मास्तर झाले असं ठरलं, तर माफी भुसावळच्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या सहीत संपणार होती. सरांना हॉलमध्ये उभं करायचं, तर एकच मार्ग उरत होता. सर हाडाचे शिक्षक होते, हे सिद्ध करायला हवं होतं.

तिने 'दहावी ब' या ग्रुपवर लिहिलं, आणि आधीच्या सदतीस तक्रारदारांनाही शोधून त्यात घेतलं. मुद्दा सगळ्यांच्या लगेच लक्षात आला. सुडाने पेटलेली अडतीस माणसं कामाला लागली. सरांनी स्वखर्चाने आणलेलं सूक्ष्मदर्शक, तापात फणफणत घेतलेला प्रकाशाचा तास, नापास पोरांना रविवारी घरी बोलावून शिकवलेलं, सगळं तारीखवार बाहेर आलं. दोन आठवडे ग्रुपवर सरांची इतकी स्तुती झाली, की मधूनच सामील झालेल्या एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली.

मृण्मयी स्वतःची साक्ष रोज संध्याकाळी लिहीत बसे. खोटं लिहावं लागेल अशी तिची तयारी होती. अडचण अशी झाली, की खोटं लागेचना. आठवीत सरांनी जास्वंदीच्या फुलांचा रस काढायला लावला होता. त्यात लिंबू पिळलं की लाल, खाण्याचा सोडा टाकला की हिरवा. तिने तो रंग सात वेळा बदलून पाहिला होता आणि सर शाळा सुटल्यावरही तिच्यासाठी थांबले होते. सायन्सला जायचं तिने त्या दिवशी ठरवलं होतं. म्हणजे तिच्यात ती इच्छा पेटवणारे सर, आणि तीन वर्षांनी तिच्यावर पाणी ओतणारेही सरच. हे लिहिताना तिचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

रेवाने मागे उभं राहून ते वाचलं. "इतकं छान तू माझ्याबद्दल कधी बोलली नाहीस."

"तुझ्यावर केस नाहीये माझी."

"आई, माझा फॉर्म उद्या बंद होतोय. आपण मिळून बघणार होतो ना?"

"हे एवढं संपवते आणि बसू."

दुसऱ्या दिवशीही ते संपलं नाही. संध्याकाळी रेवाने आतून हाक मारली, "ओटीपी आला असेल बघ, तेवढा सांग." मृण्मयीने स्क्रीनवरची नजर न हलवता सहा आकडे वाचून दाखवले. मुलीने कॉमर्स भरलं होतं हे तिला चार दिवसांनी हर्षदकडून कळलं.

"मला विचारायचं तरी," मृण्मयी म्हणाली.

"विचार करून भरलंय मी," रेवा म्हणाली. "आठ दिवस केला विचार. तू त्या आठ दिवसांत बऱ्हाटे सरांच्या आठवीत होतीस."

मृण्मयी पुन्हा साक्षीकडे वळली, कारण वीस तारीख परवावर आली होती.

जळगावच्या शैक्षणिक मार्ग लवादापुढे आजवर अशी सुनावणी झाली नव्हती. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश शेंदुर्णीकर बाई होत्या. त्यांनी दोन्ही बाजूंचे कागद चाळले आणि ते उलट लागलेत का, असं कारकुनाला विचारलं. तक्रारदार प्रतिवादीची स्तुती करत होते, आणि प्रतिवादीने स्वतःविरुद्ध अकरा मुद्दे काढले होते.

"मी शिक्षक म्हणून नालायक होतो," सर उभं राहून म्हणाले. "बत्तीस वर्षांत विद्युतप्रवाह मला स्वतःला कधी नीट समजला नाही. मी गाईड बघून शिकवत असे."

"गाईड सगळेच बघतात," शेंदुर्णीकर बाई म्हणाल्या. "ठोस काही?"

सरांनी अडतीस जणांकडे एकदा पाहिलं. "ठोस सांगतो. ही मृण्मयी बडगुजर. हिचा अकरावीचा फॉर्म मी भरला. हिने आदल्या दिवशी मला सायन्स सांगितलं होतं. त्या दिवशी साईट दर दहा मिनिटांनी पडत होती. हिच्या आधीचा बाविसावा नंबरही बडगुजरच, त्याचं कॉमर्स. मी त्याची पसंती तशीच खाली ओढली, नाव बदललं, ओटीपी घेतला आणि पाठवून दिलं. वाचलंसुद्धा नाही. चार वाजले होते, मला चहा प्यायचा होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. दुरुस्तीला दोन दिवस होते. मी नाही केली. कोण पुन्हा बापाला बोलवणार, म्हटलं, पोरगी शांत आहे, चालून जाईल. हा काय शिक्षक म्हणायचा?"

पंचवीस वर्षं मृण्मयी हे ऐकायला थांबली होती. ते आलं, आणि शब्दन् शब्द तिने मनात रचला होता त्याहून चांगलं आलं. फक्त ते सुटकेसाठी पुढे केलेला पुरावा म्हणून आलं. लवादाने ते मान्य केलं, तर सर सुटत होते.

"तक्रारदारांचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं.

मृण्मयी उठली. "सर खोटं बोलतायत," ती म्हणाली.

"कोणत्या बाबतीत?"

"सरांसारखा शिक्षक असं करणं शक्य नाही. त्यांनी माझा फॉर्म वाचला होता. दोनदा वाचला. मी खिडकीतून बघत होते."

"बेटा, मी नाही वाचला," सर म्हणाले.

"वाचला, सर."

"अगं, मी होतो ना तिथे."

"मीही होते. तुम्ही विचार करूनच भरलात." हे वाक्य आपण उच्चारतोय हे तिला वाक्य संपल्यावर समजलं. ती खाली बसली आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

आदेश तासाभरात आला. अडतीस साक्षी एकमुखी असल्याने प्रतिवादीचा भ्रंशांक बावन्नवर आणण्यात येत होता. प्रतिवादी हे जन्मजात व आदर्श शिक्षक असल्याचं लवादाचं स्पष्ट मत झालं होतं. सबब कलम अकराचा लाभ नाही, माफीनामा स्वतः वाचावा.

बाहेर जिन्यापाशी सर तिच्याजवळ थांबले. "जास्वंदीची फुलं मुख्याध्यापकांच्या कुंडीतली होती," ते म्हणाले. "मी आण म्हटलं नव्हतं. तूच तोडून आणलीस, आणि बोलणी मी खाल्ली. आता आठवलीस तू."

त्या क्षणी ती तक्रार मागे घेऊ शकली असती. तसा एक छापील फॉर्मही खिडकी क्रमांक तीनवर मिळत होता. पण तारीख पडली होती, आणि तारखेला ती फार मानत असे.

माफीनाम्याच्या दिवशी ती हर्षद आणि रेवाला घेऊन सकाळी साडेदहाला शाळेत पोहोचली. फाटकावर कमान होती. तीवर लिहिलं होतं: 'जन्मजात व आदर्श शिक्षक मा. किशोर बऱ्हाटे सर यांचा भव्य सत्कार'. लवादाचा आदेश संस्थेलाही गेला होता, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी त्यातला उपयोगी भाग तेवढा वाचला होता. सरकारी लवादाने असं प्रमाणपत्र जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या शाळेला दिलेलं नव्हतं.

अडतीस तक्रारदारांना पहिल्या रांगेत बसवून प्रत्येकाला एकेक गुलाब दिला गेला. प्रतिज्ञा झाली. दीपप्रज्वलन झालं. मृण्मयीची साक्ष सगळ्यांत लांब आणि हृद्य असल्याने शाल आणि नारळ तिच्या हस्ते ठरले होते. तसं तिला व्यासपीठावर बोलावल्यावर कळलं. तिने सरांना शाल घातली. सर खाली वाकून हळूच म्हणाले, "कागद आणलाय मी. खिशात आहे. नीट वाचीन, काळजी करू नकोस."

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

"हो."

मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते गुरुशिष्य परंपरेपासून सुरू झाले आणि नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आले, त्याला चाळीस मिनिटं लागली. पाचवीची दोन मुलं उकाड्याने खाली बसली. सरांनी खिशातून दीड पान काढून उलगडलं, चष्मा लावला आणि ते माईकपाशी आले. पहिल्या तासाची घंटा झाली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि माईक न सोडताच सांगितलं, की वेळेअभावी सरांचा माफीनामा वाचला असे समजण्यात यावे.

मुख्याध्यापकांनी अनुमोदन दिलं. माफीनामा वाचला असे समजण्यात आले, आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं ओळीने वर्गात गेली.